ईम: वेशीवरून वाचायचं गाव

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातलं ईम हे छोटं गाव ‘प्लेगचं गाव’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे येणारे बहुतेक जण गाडी लावून चर्चजवळच्या प्लेग कॉटेजच्या पाट्या वाचतात, संग्रहालयात फिरतात, चहा पिऊन परततात. मँचेस्टर-शेफील्डकडे राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी पीक डिस्ट्रिक्टच्या वाटा तुडवणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र हा क्रम उलटा करावा. आधी गावाची वेस चालावी, मग गावात शिरावं. या गावाचा इतिहास मुख्य रस्त्यापेक्षा शिवेवर जास्त आहे. तिथे तो पाहिला की प्लेग शेजारी पसरू नये म्हणून गावाने स्वतःला कोंडून घेतल्याच्या गाजलेल्या त्यागकथेचा अर्थही बदलतो. एका धर्मगुरूच्या धैर्याइतकीच ती गाव आणि शेजार यांनी मिळून चालवलेल्या व्यवस्थेची कथा आहे.

घटनाक्रम असा. 1665 च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. ते उघडणारा त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्लेगने दगावला. हिवाळ्यात साथ मंदावली आणि 1666 च्या उन्हाळ्यात उसळली. तेव्हा तरुण रेक्टर विल्यम मॉम्पेसन यांनी आधीचे पदच्युत धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांना सोबत घेऊन गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या: प्रत्येक घराने आपली माणसं स्वतःच, घराजवळ पुरायची, प्रार्थना चर्चऐवजी उघड्यावर व्हायच्या, आणि ठरलेली सीमा कुणी ओलांडायची नाही. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली तोवर सुमारे 260 माणसं गेली होती. तिसऱ्या अटीकडे नीट पाहायला हवं. शेकडो माणसांना महिनोन्‌महिने कोंडून राहायचं तर धान्य, औषधं, सामान कुठून येणार? चॅट्सवर्थला राहणाऱ्या अर्ल ऑफ डेव्हनशर यांनी रसद पाठवली, शेजारच्या गावांनी शिवेवर सामान आणून ठेवलं. ती आली नसती तर हा निश्चय कितीसा टिकला असता?

म्हणून सुरुवात स्टोनी मिडलटनच्या अष्टकोनी चर्चपासून करावी. तिथून ईम जेमतेम दीड किलोमीटर. घरं मागे पडली की वाट कुरणांतून चढते आणि मधेच सीमेचा दगड लागतो. बुटका, ओबडधोबड, वर सहा खळगे असलेला. या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात पैसे ठेवायचे आणि बदल्यात सामान उचलायचं, असं परंपरा सांगते. दगडाजवळ उभं राहून दोन्हीकडे पाहावं. खाली शेजारचं गाव, वर ईम, आणि हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटायला लावणारं अंतर. कोंडून घेणं म्हणजे काय, ते इथे कळतं. पलीकडची घरं रोज दिसत असताना ही शीव पाळायची होती. दगडावरून पुढे गेलं की वाट लिडगेटला गावात पोहोचते. तिथेही घरांच्या कडेला प्लेगच्या दोन कबरी आहेत.

गावातून उत्तरेकडे चढलं की मॉम्पेसनची विहीर येते. ती खरं तर झरा आहे. इथे पैसे वाहत्या पाण्यात ठेवत. चढ दमवणारा आहे, पण तो चढताना जमिनीकडेही लक्ष द्यावं. गावाच्या दक्षिणेला चुनखडी, उत्तरेला ग्रिटस्टोनचा खरखरीत, काळपट कडा. गाव या दोन खडकांच्या सांध्यावर वसलेलं आहे. वरून झिरपणाऱ्या पाण्यावर झरे आणि चुनखडीतल्या शिशाच्या खाणींवर पोट, असं इथलं जुनं गणित. गावाच्या पूर्वेला रायलीच्या कबरी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथेच, घराजवळच्या शेतात पुरली. आता त्या दगडांभोवती गोल कुंपणभिंत आहे आणि देखभाल नॅशनल ट्रस्टकडे आहे. ‘आपली माणसं आपण पुरायची’ हा नियम एका घरासाठी काय ठरला, हे समजून घ्यायला इथवर चालत यायलाच हवं.

या कथेवर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की ही वीरगाथा बऱ्याच अंशी नंतरच्या लेखकांनी, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, घडवली. ऐपत असलेले काही जण आधीच निघून गेले होते, मॉम्पेसन यांनीही आपली मुलं बाहेर धाडली होती. गरिबांना जायला जागाच नव्हती, मग ‘स्वेच्छा’ कसली? हे मान्य करावंच लागतं. पण त्याने शिवेचं महत्त्व वाढतं. सगळेच संत नव्हते, तरी शीव बव्हंशी पाळली गेली, आणि ती पाळणं शक्य करणारी देवाणघेवाण तिथेच चालत होती. शिवाय मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन गावातच राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली. चर्चच्या आवारात, आठव्या शतकातल्या सॅक्सन क्रूसाजवळ, तिची कबर आहे. दुसरा आक्षेप वैद्यकीय. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ईममधली लागण मोठ्या प्रमाणावर माणसाकडून माणसाला झाली. म्हणजे एकत्र कोंडून राहण्याची किंमत गावकऱ्यांनीच मोजली. असेलही. पण बंधन शेजार वाचवण्यासाठी होतं, आणि आसपासच्या गावांत साथ पसरली नाही असंच मानलं जातं. निर्णयाचा न्याय करताना तेव्हाच्या माणसांना काय ठाऊक होतं हेही धरायला हवं. प्लेगमधली पिसवांची आणि जंतूंची भूमिका त्यांच्या ज्ञानात नव्हती.

आता चालण्याचं. स्टोनी मिडलटन, सीमेचा दगड, लिडगेट, चर्च, विहीर, परत गाव आणि मग रायली हा सगळा पल्ला आठेक किलोमीटरचा आहे. निवांत चालायला चार तास धरावेत. रायलीवरून रानातल्या वाटेने ग्रिंडलफर्डकडे उतरलं तर शेफील्ड-मँचेस्टर मार्गावरचं रेल्वे स्टेशन गाठता येतं, म्हणजे गाडीची गरज नाही. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा ‘ओएल 24’ घ्यावा. पावसानंतर कुरणं चिखलाने निसरडी होतात, तेव्हा घोट्यापर्यंतचे बूट हवेत. फाटकं मागे लावून घ्यावीत, मेंढ्या चरत असतात. उघड्यावरच्या प्रार्थना जिथे झाल्या ती ककलेट डेल्फची घळ गावाजवळच आहे, पण तिथे उतरण्याआधी वाट खुली आहे का ते पाहावं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिथे स्मरणाची प्रार्थना होते. त्या दिवशी गर्दी असते, तेव्हा शिवेवरचा फेरा सकाळी लवकर आटोपावा. संग्रहालय शेवटी ठेवावं, मात्र त्याचे दिवस आणि वेळा निघण्याआधी तपासाव्यात, कारण हिवाळ्यात ते बंद असू शकतं.