चाड्याचे वेज : गोल लाकडात स्वच्छ भोक पाडण्याचा पाठ

चाड्यावर मूठ धरली की पेरणीस प्रारंभ झाला, असे आपल्याकडे म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात, म्हणजे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत, रब्बी ज्वारीची पेरणी ही वर्षातील मोठी जोखीम असते. परतीच्या पावसाने जमिनीत साठलेल्या ओलीवरच हे पीक पोसले जाते. ओल उडाली की दुबार पेरणीस फारसा वाव उरत नाही. म्हणून प्रत्येक दाणा योग्य जागी पडणे अगत्याचे असते, आणि बैलपाभरीने पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत हे काम अखेर लाकडातील दोन-तीन भोकांवर अवलंबून असते.

भोकाचे महत्त्व

चाडे म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यातून कोरलेली गोल वाटी. पाभरीला जितके फण, तितकी भोके चाड्याला असतात. प्रत्येक भोकात बांबूची नळी बसते व तिच्यातून बी फणामागे पडते. कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा काळ, ४५ × १५ सेंटिमीटर अंतर आणि हेक्टरी १० किलो बियाणे अशी शिफारस आहे. या अंतराने हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार रोपे बसतात. एक भोक मोठे व दुसरे लहान असेल, किंवा काठावर कुसळे राहून दाणा अडत असेल, तर एका ओळीत दाटी होते व शेजारची ओळ विरळ राहते. खत व बियाणे एकाच वेळी पेरणाऱ्या दोन चाड्यांच्या पाभरीत भोकांची संख्या दुप्पट होते, तशी चुकीची शक्यताही वाढते.

दोष कोठून येतो ?

गोल लाकडात भोक पाडताना तीन अडचणी येतात. पहिली, लाकूड घरंगळते. दुसरी, बाकदार पृष्ठभागावर गिरमिटाचे टोक घसरते व भोक मध्यरेषा सोडून जाते. तिसरी, टोक पलीकडे निघताना तेथील तंतूंना आधार नसतो. ते कापले जाण्याऐवजी फाटतात आणि ढलपी निघते. या तिन्हींवर उपाय आहेत व त्यांस खर्चही फारसा येत नाही.

कामाची रीत

१. लाकूड पुरते वाळलेले घ्यावे. वाळताना लाकूड वार्षिक वलयांच्या रेषेत, त्रिज्येच्या दिशेपेक्षा, साधारणतः दुप्पट आकसते. त्यामुळे ओल्या बाभळीत पाडलेले गोल भोक पुढे लंबगोल होते व नळी सैल पडते.

२. दोन तिरक्या पट्ट्या फळीवर ठोकून पन्हळीसारखी खाच करावी. गोल लाकूड तिच्यात ठेवून शिकंज्याने घट्ट आवळावे. ते हाताने किंवा पायाने धरू नये.

३. समोरासमोरच्या खुणा अंदाजाने करू नयेत. कागदाची पट्टी लाकडाभोवती एकदा गुंडाळून, टोके जुळतील तेथे कापावी. ती मधोमध दुमडली की घडी म्हणजे बरोबर अर्धा परीघ. पट्टी पुन्हा गुंडाळून टोकाशी एक व घडीशी एक खूण करावी. तीन भोकांच्या चाड्यासाठी पट्टीचे तीन सारखे भाग पाडावेत.

४. खुणेवर पटाशीने अल्पशी सपाट जागा करावी व खिळ्याने खळगी पाडावी. तेथे प्रथम बारीक वेज पाडून मगच मोठे गिरमिट लावावे. नळीसाठी तिरके भोक हवे असल्यास सुरुवात पृष्ठभागाशी काटकोनात करावी. टोक रुतले की मग हळूहळू कल द्यावा.

५. गिरमिटाची मळसूत्री अणी पलीकडे दिसताच थांबावे. लाकूड उलटून, अणीने केलेल्या छिद्रातून तीच रेषा धरून उरलेले काम दुसऱ्या बाजूने पुरे करावे. उलटणे शक्य नसेल तेथे निघण्याच्या बाजूस टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून बांधावा.

६. विजेचे ड्रिल वापरताना डोळ्यांवर चष्मा असावा. हातमोजे, सैल बाही किंवा उपरणे असू नये. मधून मधून टोक बाहेर काढून भुसा झाडावा, म्हणजे लाकूड करपत नाही. शेवटी गोल कानशीने काठ साफ करावेत.

परीक्षा व प्रसार

चाडे तयार झाल्यावर नळ्या बसवून प्रत्येकीखाली एकेक भांडे ठेवावे. किलोभर ज्वारी नेहमीच्या मुठीने सोडावी व भांड्यांतील दाणे वेगवेगळे तोलावेत. वजने सारखी आली तर काम उत्तम. फरक पडल्यास हात बदलून पाहावा. तरीही तीच नळी मागे राहिली, तर दोष मुठीचा नसून भोकाचा किंवा नळीचा समजावा.

शिक्षकांना हा पाठ शाळेतही घेता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे सुचविले असून त्यांत सुताराचा उल्लेख आहे. चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या दांड्यात एका रेषेत तीन भोके पाडणे हा पहिला सराव पुरेसा आहे. दोरीच्या शिडीच्या पायऱ्या किंवा भिंतीवरील खुंटाळे त्यातूनच घडते. परीघ, व्यास व कोन यांचे गणितही हाताखालून जाते.

पंचायत सदस्यांनी गावातील सुताराकडे लक्ष द्यावे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारसंचासाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तीत तरतूद असून अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत स्तरावर होते. ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र अनेक गावांत आले असले, तरी लहान व अडचणीच्या तुकड्यांवर पाभरीचे काम अद्याप संपलेले नाही. पेरणीच्या घाईत चाडे दुरुस्त होत नाही. भाद्रपद उजाडण्यापूर्वीच ते उतरवून, नळ्या काढून, भोके तपासावीत. तासाभराच्या या कामावर पुढील चार महिन्यांचे पीक अवलंबून आहे.