जाळी बारीक केली अन् गणित फुटलं

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवाहाचं गणित करणाऱ्या ओपनफोम सॉफ्टवेअरच्या सरावातलं ‘कॅव्हिटी’ उदाहरण नीट चाललं. जाळी २० बाय २० ची ८० बाय ८० केली, तर आकडे भलतेच फुगून गणित बंद पडलं. लॅपटॉप कमी पडतो का?

उत्तर : लॅपटॉपला दोष देऊ नका, एवढं काम तो सहज करेल. ‘कॅव्हिटी’चा चौकोन ०.१ मीटरचा, म्हणजे मूळ जाळीत एक घर ०.००५ मीटरचं. वरच्या झाकणाचा वेग सेकंदाला १ मीटर आणि काळाची पायरी ०.००५ सेकंद, त्यामुळे एका पायरीत प्रवाह जेमतेम एक घर ओलांडतो. यालाच कूरांट संख्या १ म्हणतात. तुम्ही घरं चौपट लहान केलीत, पायरी मात्र तीच ठेवलीत; संख्या ४ वर गेली. हे उदाहरण सोडवणाऱ्या ‘आयकोफोम’ला हे झेपत नाही. ‘सिस्टिम’ फोल्डरमधल्या ‘कंट्रोलडिक्ट’मध्ये डेल्टा-टी, म्हणजे काळाची पायरी, ०.००१२५ करा. निकाल साठवण्यातलं पायऱ्यांचं अंतरही २० वरून ८० करा, नाहीतर डिस्क उगाच भरेल.

पुढच्या सरावासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर ओपनफोमचे धडे फुकट आहेत. महागड्या पॅकेजची चोरटी प्रत मात्र घेऊ नका. ओपनफोम २००४ पासून खुलं आहे, आतलं समीकरणही वाचता येतं.