टीका गाडीवर, राग मालकाला

प्रश्न : आमच्याकडे सात वर्षांपासून एक छोटी, स्वस्तातली फॅमिली कार आहे. परवा टीव्हीवर गाड्यांच्या कार्यक्रमात तिच्या नव्या मॉडेलचा रिव्ह्यू लागला. स्टीअरिंगमध्ये जीव नाही, प्लॅस्टिक हलकं, पिकअप नाही, मागच्या सीटवर तिसरा माणूस अवघडतो, असं बरंच काही ऐकून आमचे बाबा इतके चिडले की त्यांनी चॅनेलला पत्र लिहायला घेतलं. शेजारच्या काकांचीही तीच गाडी, तेही तापले. ही गाडी आमच्यापैकी कुणी बनवलेली नाही, कंपनीचा एक शेअरही आमच्याकडे नाही. मग टीका कंपनीवर झाली आणि झोंबली आम्हाला, असं का? आणि नवी गाडी घेताना ऐकायचं कुणाचं, रिव्ह्यू करणाऱ्याचं की वापरणाऱ्याचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बाबांना आणि काकांना सांगा, या बाबतीत त्यांच्या बाजूला एका देशाची संसदही उभी आहे. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या गाड्यांच्या कार्यक्रमाचे तेव्हाचे सूत्रधार जेरेमी क्लार्कसन यांनी मलेशियाच्या पेरोडुआ केलिसा या चिमुकल्या, स्वस्त गाडीला जगातली सर्वांत वाईट गाडी ठरवलं होतं. तेवढ्यानं समाधान न झाल्यामुळे तिच्यावर घणही घातला होता. त्यावरून 2007 मध्ये मलेशियाच्या संसदेत त्यांचा समाचार घेतला गेला. सरकारतर्फे जे उत्तर आलं ते मजेदार आहे : ब्रिटनमध्ये ज्यांनी ही गाडी विकत घेतली, त्यांच्यापैकी कुणाचीही तक्रार नाही. म्हणजे मंत्र्यांनीही शेवटी साक्षीला मालकच बोलावले.

आता राग का येतो ते पाहू. टीव्हीवरचा माणूस गाडीबद्दल बोलत असतो, पण घरात ऐकू येतं ते आपल्या निर्णयाबद्दल. श्रीमंताची तिसरी गाडी नावडती निघाली तर तो ती विकून मोकळा होतो. मध्यमवर्गीय घरात मात्र पहिल्या गाडीसाठी पाच-सात वर्षांचे हप्ते असतात, मेहुण्याचा सल्ला धुडकावलेला असतो, दोन शोरूमचे उंबरे झिजवलेले असतात आणि शेवटी चाकाखाली लिंबू ठेवून गाडी घरी आलेली असते. ‘यात दम नाही’ हे वाक्य त्या सगळ्या खटाटोपावर येऊन आदळतं. महागड्या गाडीवर टीका झाली तर मालक हसून सोडून देऊ शकतो. स्वस्त गाडीवरच्या टीकेत ‘तुम्हाला एवढंच परवडलं’ हेही न बोलता येतं, आणि झोंबतं ते हेच.

मानसशास्त्रज्ञांनी यावर फार पूर्वी काम केलं आहे, आणि तेही गाडीमालकांवरच. अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये एक सिद्धांत मांडला : निर्णय घेऊन झाला की सोडून दिलेल्या पर्यायाचे गुण माणसाला टोचत राहतात, आणि ती टोचणी कमी करण्याची धडपड तो नकळत करत राहतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच नवी गाडी घेतलेल्या लोकांना विचारलं गेलं की तुम्ही कोणत्या जाहिराती वाचता. आपल्याला वाटेल, गाडी घेऊन झाल्यावर जाहिराती कोण वाचतो? तर हेच लोक वाचत होते, आणि मुख्यतः स्वतः घेतलेल्या गाडीच्याच. ज्या गाड्यांचा विचार करून त्यांनी नकार दिला होता, त्यांच्या जाहिरातींकडे त्यांचं तेवढं लक्ष जात नव्हतं. पैसे मोजून झाल्यावरही माणूस खरेदी करतच असतो, असा याचा अर्थ. टीव्हीवरचा रिव्ह्यू नेमका या दुसऱ्या, मनातल्या खरेदीत खोडा घालतो.

पण ‘मालक म्हणजे आंधळे भक्त’ असं म्हणून विषय संपवणं मला पटत नाही. रिव्ह्यू करणारा आणि वापरणारा हे दोघं एकाच गाडीला वेगवेगळे प्रश्न विचारत असतात. 1995 मध्ये क्लार्कसन यांनीच व्हॉक्सहॉल व्हेक्ट्रा या नव्या फॅमिली कारचा रिव्ह्यू केला. गाडी इतकी रटाळ की हिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, असा त्यांचा एकूण सूर होता आणि तो त्यांनी मुद्दाम गप्प बसून दाखवून दिला. कंपनीनं बीबीसीकडे तक्रार केली. पुढे झालं काय? व्हेक्ट्रा ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या गाड्यांमध्ये जाऊन बसली. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपल्या विक्री प्रतिनिधींना गाड्या देणाऱ्या कंपन्या. रोज शेकडो मैल मोटरवेवर घालवणाऱ्या प्रतिनिधीला गाडीनं रोमांच उभे करावेत अशी अपेक्षाच नसते. गाडीनं आपलं अस्तित्व जाणवू देऊ नये, हीच त्याची मागणी. टीव्हीला मात्र तेवढ्यानं चालत नाही. अर्ध्या तासात प्रेक्षकाचा हात रिमोटकडे गेला नाही पाहिजे, आणि ‘गाडी बरी आहे, काही त्रास देत नाही’ यावर कार्यक्रम उभा राहत नाही. क्लार्कसन गप्प बसले तो प्रामाणिकपणाच होता, पण तो टीव्हीवाल्याचा प्रामाणिकपणा.

याहून बोलकं उदाहरण डाशिया सँडेरोचं. ‘टॉप गिअर’मध्येच जेम्स मे दर काही भागांनी मोठ्या उत्साहानं या रोमानियन बनावटीच्या स्वस्त गाडीची ‘आनंदाची बातमी’ द्यायचे आणि दुसऱ्या सूत्रधारांना तिच्यात काडीचा रस नसायचा. हाच विनोद. 2009 मध्ये रोमानियात चित्रित केलेल्या भागात त्यांच्या हाती एकदाची सँडेरो लागली, तर थोड्याच वेळात तिला मागे येणाऱ्या ट्रकनं ठोकलं. ब्रिटनमध्ये ती विकायला येण्याआधीच प्रेक्षकांना तिच्यावर हसायची सवय लागलेली होती.

जानेवारी 2013 मध्ये ती तिथे आली ती 5,995 पौंडांत, म्हणजे ब्रिटनमधली सर्वांत स्वस्त नवी गाडी म्हणून. त्या किमतीत मिळणाऱ्या मॉडेलला रेडिओ नव्हता, बंपरला रंग नव्हता आणि गाडीचा रंग निवडायचा तर पांढरा. टिंगल करायला याहून चांगला ऐवज कुठला! पण गिऱ्हाइकांनी हिशेब वेगळा मांडला. एवढ्या पैशात दुसरीकडे दोन-चार वर्षं कुणीतरी वापरलेली गाडी मिळणार, इथे वॉरंटीसह कोरी मिळते आणि डिकीत मुलांची बाबागाडी बसते. 2017 पासून युरोपात खाजगी ग्राहकांनी, म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्यांनी, सर्वाधिक घेतलेली गाडी सँडेरो आहे. 2024 मध्ये तर कंपन्यांची खरेदी धरूनही तिनं युरोपात पहिला क्रमांक मिळवला.

या गाडीचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. सँडेरो ही लोगनच्या घराण्यातली, आणि लोगन नाशिकची! रेनोचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांनी पाच हजार युरोंत पूर्ण आकाराची गाडी देण्याचं लक्ष्य ठेवलं, त्यातून 2004 मध्ये लोगन जन्मली. काटकसर किती, तर बाहेरचे आरसे डावीकडे-उजवीकडे एकच चालतील असे केले, म्हणजे दोन साचे नकोत. 2007 मध्ये महिंद्र-रेनो या नावानं ती नाशिकच्या कारखान्यातून निघू लागली. खोक्यासारखं रूप म्हणून तिला सगळीकडे नावं ठेवली गेली आणि ती पूर्ण चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पुढे भागीदारी संपली, तिचं नाव व्हेरिटो झालं आणि ती टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. कारण 510 लिटरची डिकी, मागे तिघं खांद्याला खांदा न लावता बसतील एवढी रुंदी आणि दीड लिटरचं डिझेल इंजिन. विमानतळावर चार बॅगा आणि चार माणसं घेऊन जाणाऱ्या चालकाला बाह्यरेषेचं सौंदर्य सांगून बघा.

तेव्हा काही बाबतींत मालकाची साक्ष रिव्ह्यूपेक्षा वजनदार असते. पहिली बाब ॲव्हरेज. जाहिरातीत छापलेला आकडा असतो प्रमाणित चाचणीचा. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीची चाकं रोलरवर फिरवून तो काढतात. तिथे कात्रजचा घाट नसतो, खड्डे नसतात, आणि या चाचणीत एसी बंद ठेवत आलेले आहेत. टीव्हीवाला गाडी दोन-चार दिवस चालवतो, तीही कॅमेऱ्यापुढे दामटत. तुमच्या बाबांकडे सात वर्षांच्या टाकी-फुलचा अनुभव आहे. तसंच क्लच प्लेट किती किलोमीटरला गेली, पार्ट सांगलीत मिळतो की कोल्हापूर-पुण्याहून मागवावा लागतो, मेकॅनिक बोनेट उघडल्यावर हसतो की कपाळाला हात लावतो, हे रिव्ह्यू करणाऱ्याला कळायला मार्गच नाही. शिवाय त्याच्या हाती येते ती बहुधा कंपनीनंच दिलेली नवीकोरी, टॉप मॉडेलची गाडी. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही 1936 पासूनची संस्था चाचणीच्या गाड्या ओळख न सांगता स्वतः विकत घेते आणि हजारो मालकांकडून दरवर्षी माहितीही मागवते. चाचणी आणि मालक, दोघांचंही ऐकायची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही.

उलट बाजूही बाबांच्या कानावर घाला, चहा पाजून. रिव्ह्यू करणारा त्याच किमतीच्या दहा गाड्या चालवून आलेला असतो. बाबा कदाचित स्कूटरवरून थेट या गाडीत आले. स्कूटरच्या तुलनेत कुठलंही स्टीअरिंग जिवंतच वाटणार. शंभरच्या वेगाला अचानक ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते की फिरते, हे त्यानं मुद्दाम करून पाहिलेलं असतं आणि बाबांनी, देवाच्या कृपेनं, नसतं.

आणि सुरक्षिततेच्या बाबतीत तर मालकाची साक्ष जवळपास बादच धरावी. जानेवारी 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले : ऑल्टो 800, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. ताशी 64 किलोमीटर वेगानं धडक. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे. अशा वेळी मालकाचं ठरलेलं उत्तर असतं : ‘आमच्या गाडीला इतक्या वर्षांत ओरखडा नाही, आणि पत्रा बघा कसला जाड!’ अपघात न होणं हा गाडीचा गुण नसून चालवणाऱ्याचा आणि नशिबाचा असतो. पत्र्याचं म्हणाल तर धडकेत बोनेट चुरगाळायलाच हवं, कारण धडकेचा जोर तिथे जिरला तरच माणसं बसतात ती जागा शाबूत राहते. आपल्या चाकणला बनलेल्या पोलोचंच बघा. दोन एअरबॅगांसह तिची पुन्हा चाचणी झाली तेव्हा तिला चार तारे मिळाले आणि कंपनीनं एअरबॅग नसलेलं मॉडेल विकणं बंद केलं. हे मालकांच्या अनुभवातून कधीच बाहेर आलं नसतं.

तारेही डोळे उघडे ठेवून वाचावेत, हे जाता जाता सांगतो. वर जिचं कौतुक केलं त्या सँडेरोच्या स्टेपवे मॉडेलला 2021 मध्ये युरो एनकॅपनं दोनच तारे दिले. आत शिरून पाहिलं तर प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात 70 टक्के, आणि अपघात टाळायला मदत करणाऱ्या यंत्रणांमध्ये 42 टक्के गुण. तारे खाली ओढले गेले ते मुख्यतः अशा आधुनिक यंत्रणांच्या अभावामुळे. ज्याला त्या हव्या होत्या त्याच्यासाठी ती गाडी नव्हती, हे उघड आहे.

आता बाबांच्या पत्राबद्दल. लिहू द्या त्यांना, पण माफी मागा किंवा कोर्टात खेचू अशी भाषा नको. टेस्लानं ‘टॉप गिअर’वर खरंच दावा लावला होता. 2008 मध्ये कार्यक्रमानं सांगितलं की त्यांच्या ट्रॅकवर टेस्लाची रोडस्टर 55 मैलांत गळपटेल, आणि कंपनीचा दावा होता सुमारे 200 मैलांचा. न्यायालयानं म्हटलं की ट्रॅकवर दामटलेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांतला फरक कुठल्याही समंजस प्रेक्षकाला कळतो. 2013 मध्ये अपिलातही टेस्ला हरली. तिथे वकिलांची फौज चालली नाही, तिथे सांगलीहून गेलेल्या धमकीचं काय होणार?

आणखी एक बारीक गोष्ट तुमच्याच पत्रात आहे. टीव्हीवर दाखवलं ते नवं मॉडेल आणि तुमच्याकडे आहे ती सात वर्षांपूर्वीची गाडी. नाव तेच असलं तरी मधल्या काळात इंजिन, सस्पेन्शन, कधी कधी खालचा सांगाडासुद्धा बदलतो. बाबांनी ज्या गाडीची बाजू घेतली तिच्यात तो रिव्ह्यू करणारा बसलेलाच नाही, आणि त्यानं जिला नावं ठेवली तिच्यात बाबा बसलेले नाहीत. पत्र टाकण्याआधी दोघांनी शोरूममध्ये जाऊन नव्या मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह घ्यावी. काकांना मागे मधोमध बसवा, म्हणजे तिसऱ्या माणसाच्या मुद्द्याचा निकाल जागेवर लागेल.

मग पत्रात लिहा : गाडी कोणत्या सालची, किती किलोमीटर झाली, पेट्रोल की सीएनजी, गावात आणि हायवेला ॲव्हरेज किती पडतं, चार माणसं आणि सामान घेऊन आंबोली घाट चढताना एसी बंद करावा लागतो का, आणि आजवर कोणते पार्ट बदलले. अशा पत्रातून कार्यक्रम करणाऱ्याला जे मिळेल ते त्याला चार दिवसांच्या चालवण्यातून मिळणार नाही. काकांनी मात्र स्वतंत्र पत्र लिहावं, एकाखाली दोन सह्या पाहिल्या की चॅनेलवाल्यांना मोहीम वाटते. आणि दोघांच्याही कागदावर पत्रा जाड असल्याचं वाक्य असेल, तर ते तेवढं खोडा.