दोन मणक्यांवरून अख्खा प्राणी?

प्रश्न : अमेरिकेतल्या महाकाय स्लॉथच्या जाती शास्त्रज्ञ नुसत्या हाडांवरून ठरवतात. थोडीशी हाडे मिळाली तर ते कसे जमते? आमच्या जबलपूरजवळ असे स्लॉथ होते का?
— एक वाचक, जबलपूर

उत्तर : स्लॉथ नव्हते, तो प्राणी अमेरिका खंडांतलाच. अर्जेंटिनात सापडलेला त्याचा सांगाडा जवळजवळ पूर्ण होता, म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएने 1796 मध्ये मेगाथेरियम हे नाव देताना दात, नखे, कवटी सगळे आजच्या स्लॉथशी ताडून पाहिले. थोडक्या हाडांवर भागवण्याची गोष्ट मात्र तुमच्याच गावची आहे.

ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनला 1828 मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर काही मणके मिळाले. भारतात सापडलेले हे पहिले डायनोसॉर-अवशेष. 1877 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरने प्रामुख्याने शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जात मांडली. मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची फुगीर, असा घाट त्या काळी वेगळा वाटला. नव्या जातीला नेमके हेच लागते : दुसऱ्या कोणात नाही अशी एखादी खूण. पुढे तसेच मणके देशोदेशीच्या डायनोसॉरांत मिळत गेले, खूण सार्वत्रिक झाली आणि 2003 मध्ये विल्सन व अपचर्च या संशोधकांनी ही जात ग्राह्य नाही असे ठरवले. लिडेकरचे निरीक्षण चुकीचे नव्हते, त्याच्यापुढे तुलनेला हाडेच कमी होती.

दुसरी अडचण भेसळीची. याच टेकडीवरचे कवचाचे तुकडे आणि पायाची हाडे एकत्र धरून जीवाश्मतज्ज्ञ मॅटलीने 1923 मध्ये चिलखती ‘लॅमेटासॉरस’ उभा केला. पाय मांसाहारी डायनोसॉरचे निघाले. कवच बहुधा शाकाहाऱ्याचे. म्हणून हाड कुठल्या थरात, कशाशेजारी पडले होते याची नोंद हाडाइतकीच मोलाची. आणि ज्यावर नाव बेतले, तो मूळ नमुनाही जपावा लागतो. स्लीमनचा मणका कित्येक वर्षे हरवलेलाच मानला जात होता. 2012 मध्ये तो कोलकात्यात पुन्हा मिळाला. शोधणाऱ्यांत भूवैज्ञानिक धनंजय मोहबे होते.

भेसळ नसली तर अपुरा सांगाडाही पुरतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा ‘इसीसॉरस’ आधी टायटॅनोसॉरसच्याच नावाखाली होता. कवटी नाही, मागचे पाय नाहीत; पण मान, पाठ, कंबर, शेपूट आणि पुढचा पाय एकाच प्राण्याचे मिळाले. टायटॅनोसॉरसचे नाव बाद झाले त्याच वर्षी याला स्वतःचे मिळाले, तेही कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या (ISI) नावावरून!