बंद केलंत, तर लिहून ठेवा

अकोल्यात नवतपा सुरू होता. दुपारी पारा ४५ अंशांवर जायचा, खोलीत कूलर चालू असायचा आणि त्याच्या आवाजातही माझ्या लॅपटॉपच्या पंख्याची घरघर वेगळी ऐकू यायची. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नव्हतं. मी अनुवाद करते, पुस्तकांची अक्षरजुळणीही करते. तेव्हा एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचं पुस्तक हातात होतं आणि ते छापायला जायला तीन आठवडे उरले होते.

चार दिवसांपूर्वी माझी जुनी हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली होती. घाबरून तिच्यातलं १८ वर्षांचं काम मी एका रात्रीत लॅपटॉपच्या डॉक्युमेंट्समध्ये उतरवून घेतलं. हस्तलिखितं, पीडीएफ प्रुफं, फोटो, साठवलेल्या हजारो ईमेल, सगळं. या कॉपीचा आणि तापण्याचा काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकत होती. मी टाइप करत असले की पंखा जरा शांत असायचा आणि जेवायला उठले की जोर धरायचा. व्हायरस असेल म्हणून तपासणी केली, काही सापडलं नाही. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे धूळ काढून थर्मल पेस्ट बदलली, १,६०० रुपये दिले. दोन दिवसांत पुन्हा तेच. त्यातच टचपॅड एका कडेनं वर आलेला दिसला. बॅटरी फुगली होती.

पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला फोन केला. बॅटरीचं ऐकताच त्यानं चार्जर काढून लॅपटॉप बंदच करायला लावला. बॅटरी बदलून आणल्यावर मग म्हणाला, "मावशी, आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. सीपीयू लिहिलंय त्यावर क्लिक कर आणि दहा मिनिटं कशालाही हात लावू नकोस. नुसतं बघत बस." मी बघत बसले. थोड्या वेळानं एक नाव यादीत वर आलं आणि तिथेच राहिलं: मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर.

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, ती मी अनेकदा केली आहे. प्रत्येक पान वाचायचं, कोणता शब्द कुठे आला ते टिपायचं. काम किचकट, पण एकदा सूची झाली की वाचकाला शब्द क्षणात सापडतो. संगणक पडद्यामागे हेच करत असतो. फायली उघडून आतला मजकूर वाचतो आणि त्याची सूची बांधतो. नव्या संगणकावर किंवा एकदम मोठा साठा आल्यावर हे काम प्रचंड असतं, पुढे फक्त बदललेल्या फायली वाचाव्या लागतात. आपण काम करत असलो की हा इंडेक्सर हात आखडता घेतो आणि आपण उठलो की वेग वाढवतो. माझ्या जेवणाच्या वेळी पंखा का वाढायचा, ते तेव्हा कळलं.

विंडोजच्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये नोंदींचा आकडा पाहिला. ३ लाख ८० हजार झाल्या होत्या आणि मोजणी चालूच होती. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार बहुतेकांच्या नोंदी ३० हजारांच्या आत असतात आणि ४ लाखांच्या पुढे अडचणी जाणवू शकतात. यंत्रणा आपलं नेमून दिलेलं काम करत होती. १८ वर्षांचा ढीग तिच्यापुढे मीच टाकला होता. वर उन्हाळा, आणि लॅपटॉप गादीवर, खालच्या झरोक्यांतून हवा जायला वाटच नाही. एकट्या इंडेक्सिंगनं बॅटरी फुगवली असं मी म्हणणार नाही, पण उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते आणि ती सगळीकडून एकवटली होती.

मग मी घाई केली. इंडेक्सिंगची सेवा पूर्ण बंद करून टाकली. तासाभरात पंखा शांत झाला. सुटले असं वाटलं आणि मी ते विसरून गेले.

छपाईच्या आदल्या दिवशी, सरांच्या काही दुरुस्त्या राहिल्यात का हे पाहायला आउटलुकमध्ये त्यांच्या नावानं शोध घेतला. दोन पत्रं आली, ती मी आधीच पाहिलेली होती. पुस्तक छापायला गेलं. तिसरं पत्र मेलमध्येच होतं, पण सूची बंद असल्यामुळे शोध अर्धवट झाला होता. त्यात सरांनी आपल्या थोरल्या भावाचं नाव दुरुस्त करून पाठवलं होतं. ज्या भावानं शेत गहाण ठेवून त्यांना शिकवलं, त्याचंच नाव ३०० प्रतींमध्ये चुकीचं छापलं गेलं. मी प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. सर रागावले नाहीत. पण पहिली प्रत हातात घेऊन ते त्या पानावर बराच वेळ थांबले, ते मला आजही दिसतं.

म्हणून सांगते, क्रम पाळा.

पहिलं, खात्री करा. माझ्यासारखं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि दहा मिनिटं पाहा. वर ब्राउझर, अँटिव्हायरस किंवा अपडेट दिसत असेल, तर इंडेक्सिंग बंद करून काही उपयोग नाही.

दुसरं, नुकताच मोठा साठा उतरवला असेल तर काम पुरं होऊ द्या. लॅपटॉप कडक, सपाट टेबलावर ठेवा, चार्जर लावा आणि रात्रीच्या गारव्यात चालू ठेवा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, ती हवा दमट असते. काम पुरं झालेलं नसताना नोंदींचा आकडा दिवसेंदिवस पुढे सरकत नसेल तर सूची बिघडलेली असू शकते. इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, मग रीबिल्ड. पण यानं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून होतं, हे लक्षात ठेवून वेळ निवडा.

तिसरं, काम कमी करा. माझा खरा उपाय हाच ठरला. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी विभागात शोधाचं पान आहे. तिथे एनहान्स्ड निवडलेलं असेल तर सगळा संगणक वाचला जातो, क्लासिक ठेवलं तर मोजकीच फोल्डर. तिथेच नको असलेली फोल्डर वगळता येतात. मी जुना साठा वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून वगळला. इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्डमधल्या फाइल टाइप्समध्ये पीडीएफचा आतला मजकूर न वाचता नाव-तारखेपुरती नोंद ठेवण्याचीही सोय आहे.

चौथं, इतकं करूनही भागलं नाही तरच सेवा बंद करा. स्टार्टमध्ये इंग्रजीत सर्व्हिसेस लिहा, यादीत विंडोज सर्च शोधा, उजवं क्लिक करून स्टॉप करा. आधी तासभर नुसती चाचणी घ्या. उष्णता उतरली तर निदान बरोबर. कायम बंद ठेवायची असेल तर प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करा. परत सुरू करताना तिथेच ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट निवडून आधी अप्लाय आणि मग स्टार्ट दाबा. बंद असताना मेलमधला आणि फायलींच्या आतला शोध हळू चालेल किंवा अर्धवट राहील. मॅक वापरणाऱ्यांसाठी सूची बांधण्याचं हेच काम स्पॉटलाइट करतो. त्याच्या सेटिंग्जमधल्या सर्च प्रायव्हसीत टाकलेली फोल्डर तो वाचत नाही.

आणि बॅटरी फुगलेली दिसली तर यातलं काहीही करत बसू नका. चार्जर काढा, यंत्र बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, जाणत्या माणसाकडून बदलून घ्या.

आता लॅपटॉपशेजारी एक छोटी वही असते. काय बंद केलं, कधी केलं आणि परत सुरू कसं करायचं, एवढंच तीत लिहिते. छपाईला पान पाठवण्याआधी प्रुफाबरोबर ती वहीही उघडते. त्या उन्हाळ्यात ही वही असती, तर शोधात दोनच पत्रं आल्यावर मी थांबले असते आणि मेल तारखेनुसार एकेक करून वाचल्या असत्या.