संगणकाची नोंदवही आणि तिचे कुलूप

बँकेत प्रत्येक व्यवहाराची नोंद होते, हे आपणांस ठाऊक आहेच. संगणकही अशीच नोंदवही ठेवतो. कोण केव्हा आत आला, कोणती आज्ञा दिली, काय बिघडले, हे सारे तिच्यात उतरते. विंडोजमध्ये तिला इव्हेंट लॉग म्हणतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये पळविले गेले. अशा प्रसंगी चोर कोणत्या वाटेने आला, याची साक्ष ही नोंदवहीच देऊ शकते. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने अशा नोंदी १८० दिवस जपण्याचा आदेश काढला.

मात्र नोंदवहीत नको तेही लिहिले जाते. ट्विटरने मे २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केले, की ग्राहकांचे पासवर्ड त्यांच्या अंतर्गत नोंदींत उघड्या अक्षरांत उतरले होते. एवढे दूर तरी कशाला जावे? संगणक शिकणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका मुलाने पॉवरशेलच्या सर्व आज्ञा नोंदविण्याची सोय चालू केली होती. लॉग उघडून पाहतो तो काय, त्यानेच आज्ञेत टाइप केलेला पासवर्ड समोर! नोंद बंद करावी तर पुरावा जातो, चालू ठेवावी तर गुपित फुटते.

यावर विंडोज १० पासून एक सोय आहे. आपल्या विहारातील दानपेटी आठवा. पैसे कोणीही टाकतो, पण पेटी किल्लीवालाच उघडतो. इथे दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्लीने नोंद कुलूपबंद होते, ती उघडते मात्र फक्त खाजगी किल्लीने. ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, इव्हेंट लॉगिंग या क्रमाने जावे व ‘एनेबल प्रोटेक्टेड इव्हेंट लॉगिंग’ चालू करून तेथे सार्वजनिक किल्लीचे प्रमाणपत्र द्यावे. कार्यालयातील शेकडो संगणकांना हा नियम एकाच ठिकाणाहून लावता येतो.

खाजगी किल्ली त्या संगणकांवर कदापि ठेवू नये. दानपेटीची किल्ली पेटीलाच बांधून कोणी ठेवत नाही! कुलूपबंद नोंदी वेगळ्या, सुरक्षित संगणकावर नेऊन तेथेच उघडाव्यात. किल्ली हरवली तर नोंदी कायमच्या बंद, म्हणून तिची प्रत तिजोरीत हवी.

आणखी एक. या नियमाने सारी नोंदवही झाकली जात नाही. पॉवरशेलसारखे जे घटक ही सोय पाळतात, त्यांचाच मजकूर झाकला जातो. आधी लिहिलेले उघडेच राहते. घरगुती ‘होम’ आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादक नसतो. सरावासाठी प्रो आवृत्तीचा संगणक शोधावा.