मोटारीची ज्ञानेंद्रियें

संगमेश्वराहून देवरूख, साखरपा करीत मोटार आंबा घाट चढूं लागली, कीं हवा विरळ होत जाते आणि एंजिन तापतें. अशा वेळीं पेट्रोल किती सोडावें, हें एंजिनाचा नियंत्रक ठरवितो. पण तो तर डबींत बंदिस्त! त्यास बाहेरचें वर्तमान कळतें तें संवेदकांच्या, म्हणजे सेन्सरांच्या, तारांवरून.

पाण्याच्या उष्णतेचा संवेदक घेऊं. नियंत्रक एका रोधकांतून त्याजकडे ५ व्होल्टांचा विद्युद्दाब पाठवितो. संवेदक तापला म्हणजे त्याचा विद्युत्-रोध घटतो व तारेवरील दाब उतरतो. त्यावरून नियंत्रक उष्णतामान ताडतो. दुसरा संवेदक हवेचा दाब कळवितो, तिसरा एंजिनाचे फेरे, चौथा धुरांतील प्राणवायु.

आतां आमच्या कोंकणच्या पावसानें जोड गंजून तार तुटली असें समजूं. दाब थेट ५ व्होल्टांवर जातो; तापलेलें एंजिन नियंत्रकास अतिशीत भासतें, आणि तो पेट्रोल व्यर्थ वाढवूं पाहतो. नव्या मोटारींत अशी अशक्य साक्ष ओळखून तो चालकापुढें इशाऱ्याचा दिवा लावितो. तेव्हां महागडा नियंत्रक बदलण्यापूर्वीं तार व जोड तपासावे, असें आम्ही सुचवितों. न्यायाधीश कितीही चतुर असो, साक्षच खोटी असल्यास निकाल चुकावयाचाच.